जुने घर आपले कसे होते

दुसऱ्या गावाहून आलेले कुटुंब जुने, मोडकळीस आलेले घर विकत घेऊन स्वतःच्या हातांनी नीट करते, तेव्हा ते घर नेमके कशामुळे त्याचे होते? कायद्याचे उत्तर सरळ आहे. खरेदीखताची नोंदणी झाली, शहरात मिळकतपत्रिकेवर किंवा खेड्यात ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नाव लागले, की घर नव्या मालकाचे. धर्मपरंपरांना मात्र एवढे उत्तर कधी पुरलेले नाही. नाव लागल्यावरही मराठी कुटुंबे वास्तुशांत करतात, नव्या चुलीवर दूध उतू घालवतात, आधी देव आत नेतात आणि मग सामान. घर हक्काचे असताना कोणाची तरी परवानगी मागितल्यासारखे हे विधी कशासाठी, आणि आधी कोणीतरी राहून गेलेल्या घरात त्यांचा अर्थ काय, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. नोकरीतली बदली, मुलांचे शिक्षण, धरणाखाली गेलेले गाव, मुंबईतून परत येणे अशा कारणांनी इथली कुटुंबे जागा बदलत आली आहेत. खानापूर-आटपाडीकडची गलाई व्यवसायातली माणसे सोने-चांदी शुद्ध करण्यासाठी देशभर पांगलेली असतात आणि उतारवयात त्यांना गावचे बंद घर उघडायचे असते. दुसरीकडे वाई, सातारा, मिरज आणि सांगलीच्या जुन्या पेठांत वाटण्यांमुळे रिकामी पडलेली घरे आहेत. नवा फ्लॅट परवडत नाही, जुने घर आवाक्यात येते, आणि कारागिरांची सगळी मजुरी देणे शक्य नसल्याने घरातली माणसे रविवारी आणि सुट्टीत स्वतः थापी हातात घेतात.

असे घर समजून घ्यायचे तर त्याची बांधणी माहीत असावी लागते. खाली काळ्या दगडाचे जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, आणि भोवती दगड-मातीच्या, विटांच्या किंवा भेंड्यांच्या जाड भिंती. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि घर केवढे हे खणांच्या हिशोबात सांगतात. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या पावसाळी पट्ट्यात उतरती कौलारू छपरे असतात. माण, खटाव, जत या कमी पावसाच्या भागात मातीची सपाट धाबी. पेठांतल्या वाड्यांत वर कडीपाट, म्हणजे कड्यांवर बसवलेल्या फळ्या आणि त्यांवर मातीचा थर.

अशा घरातला पहिला धडा बहुधा भिंतीच्या पायथ्याशी मिळतो. गुडघाभर उंचीपर्यंत रंग फुगलेला असतो, बोट लावले की पापुद्रा सुटतो आणि पांढरी, खारट भुकटी हाताला लागते. याला लोणा म्हणतात. जमिनीतली ओल भिंतीत चढते, पृष्ठभागावरून उडून जाते आणि आपल्याबरोबर आणलेले क्षार मागे ठेवते. माती आणि चुन्याची भिंत ही ओल बाहेर सोडू शकते, म्हणून ती टिकते. घाईने वरून सिमेंटचा गिलावा केला तर ओलीची वाट बंद होते. ती आत कोंडते आणि आणखी वर चढून तिथे फुटते. दोष झाकला की वाढतो. म्हणून जाणता गवंडी आधी जुना गिलावा खरवडतो, भिंत महिनोन्‌महिने वाळू देतो आणि मग पुन्हा चुन्याचाच हात देतो. नवे घर बांधणारा आपली इच्छा मोकळ्या जागेवर उभी करतो. जुने घर दुरुस्त करणाऱ्याला आधी घराचा स्वभाव ऐकावा लागतो. ‘हे घर माझे’ या दाव्याला पहिली मर्यादा पडते ती इथे, कोणत्याही शास्त्राच्या आधी, भिंतीकडूनच.

दुसरी मर्यादा त्या भिंतीतल्या मातीतच आहे. मराठी गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जातात: पिकाची काळी आणि वस्तीची पांढरी. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना भेगाळते, त्यामुळे ती भिंतीला चालत नाही. भिंतीला आणि धाब्याला लागते ती पांढरी माती, आणि ती मिळते जुन्या, ओस पडलेल्या वस्तीच्या टेकाडातून, पडलेल्या गढीतून. ही माती पांढरी झालेली असते ती माणसांच्या राबत्याने: पिढ्यान्‌पिढ्यांची चुलींची राख, कोसळलेल्या भिंती, शेण-सारवण यांचे थर एकावर एक साचून. म्हणजे ज्या भिंतीला नवा मालक आपली म्हणतो ती पूर्वीच्या अनेक घरांच्या मातीची आहे. घरात आधी कोणी राहिले होते, एवढेच नाही; घर आधीच्या घरांचेच बनलेले आहे.

पांढरीचा हा अर्थ समर्थ रामदासांनी नेमका पकडला. साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर त्यांची अखेरची वर्षे गेली. दासबोधाच्या पहिल्या दशकातल्या दहाव्या समासात त्यांनी घराच्या मालकीचा विचार विलक्षण रीतीने मांडला आहे. घर कोणाचे, असे विचारल्यावर एकेक दावेदार पुढे येतो. उंदीर, पाली, माश्या, कोळी, मुंग्या, विंचू, साप, वाळवी, ढेकूण, मांजरे, कुत्री असे सगळे ते आपलेच म्हणतात. मग पाहुणे, चोर आणि राजाची माणसेही तेच म्हणतात. अग्नीसुद्धा त्यावर हक्क सांगतो. या गर्दीत माणूसही माझे माझे म्हणत राहतो, आणि शेवटी ओझे सोसेना म्हणून निघून जातो. गावे ओस पडतात, त्यांची पांढर होते, आणि जे जीव तिथे उरतात त्यांचेच ते घर ठरते. बंद घराची कडी पहिल्यांदा काढून आत पाऊल टाकणाऱ्या कुटुंबाला ही यादी उपदेशाची वाटत नाही. देवळीत कोळ्याचे जाळे, माळ्यावर लेंड्या, चौकटीवरून वर गेलेली वाळवीची मातीची नळी असे सगळे दावेदार जागेवर हजर असतात.

या समासाचा रोख मात्र घर सोडून जा असा नाही. त्याचा विषयच नरदेहाची स्तुती हा आहे. देह हेही एक घर, त्यातही असंख्य जीव नांदतात आणि तोही शेवटी सुटतो. म्हणूनच तो हातात आहे तोवर सत्कार्याला लावावा, हे रामदासांना सांगायचे आहे. पुढे बाराव्या दशकाच्या आरंभी ते आधी संसार व्यवस्थित करायला सांगतात आणि परमार्थाचा विवेक त्यानंतर. दोन्ही जागा एकत्र वाचल्या की भूमिका स्पष्ट होते. घराची मालकी हा भ्रम असू शकतो, पण घराची निगा हा भ्रम नाही. जे कायमचे आपले नाही तेही नीट ठेवायचे, किंबहुना कायमचे नाही म्हणूनच नीट ठेवायचे.

वास्तुपूजेची परंपरा हाच विचार दुसऱ्या बाजूने मांडते. वास्तु हा शब्द वस्, म्हणजे राहणे, या धातूपासून आला. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वास्तोष्पती या निवासाच्या रक्षक देवतेची प्रार्थना आहे. आश्वलायन गृह्यसूत्र घरासाठी जमीन निवडण्याची परीक्षा देते: गुडघाभर खड्डा खणावा आणि निघालेल्या मातीने तो परत भरावा; माती उरली तर जागा उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. मत्स्यपुराणातली कथा अशी, की अंधकासुराशी लढताना शंकराच्या घामाच्या थेंबातून एक महाकाय भूत जन्मले, देवांनी त्याला जमिनीवर पालथे पाडून त्याच्या अंगावर आपापली जागा घेतली, आणि त्याला वास्तुपुरुष म्हणून घरोघरच्या पूजेचा मान दिला. कथेचा आशय लक्षात घेण्यासारखा आहे. घर रिकाम्या जागेवर उभे राहत नाही. ते आधीच तिथे असलेल्या कोणाच्या तरी अंगावर उभे राहते, आणि त्याचा वाटा दिल्याशिवाय तिथे नांदता येत नाही. रामदासांच्या यादीत वास्तुपुरुष नाही, पण त्याचा दावा त्याच प्रकारचा आहे.

वास्तू तथास्तु म्हणते, असे मराठी घरांत वडीलधारी माणसे सांगतात. म्हणून घरात वाईट बोलू नये. नव्या घराने अजून काहीच ऐकलेले नसते. जुन्या घराने मात्र परक्या कुटुंबांचे पाळण्याचे आणि मयताचे, भांडणांचे आणि वाटणीचे शब्द ऐकलेले असतात. तिथली वास्तुशांत हा केवळ मंगल आरंभ नसतो. आधीच्या रहिवाशांच्या सुखदुःखाची दखल घेऊन पुढे जाण्याची ती रीत असते.

दुरुस्त केलेले घर जुने मानायचे की नवे, यावर मुहूर्तशास्त्राने नेमका विचार केला आहे. गृहप्रवेश तिथे तीन प्रकारचा सांगितला आहे. नव्या बांधलेल्या घरात जाणे तो अपूर्व. दीर्घ प्रवासानंतर आपल्याच घरी परतणे तो सपूर्व. आणि आग, पाणी अशा आपत्तीने मोडलेले घर नीट करून त्यात पुन्हा जाणे तो द्वंद्व. नव्या घराला जे कडक निर्बंध आहेत ते जीर्ण घराच्या बाबतीत सैल केले आहेत. मोडलेल्या घरातल्या माणसांना मुहूर्ताची वाट पाहत ताटकळत ठेवायचे नाही, ही यामागची माणुसकी आहे.

हा तिसरा प्रकार कृष्णाकाठाला चांगला ओळखीचा आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. २००५ आणि २०२१ मध्येही पुराने घरे बुडवली. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची आडवी रेघ राहते, तिच्याखाली एक रंग आणि वर दुसरा. घमेल्याने गाळ काढायचा, फरशी धुवायची, फुगलेली दारे काढून उन्हात उभी करायची, भिंती वाळेपर्यंत थांबायचे आणि मग पुन्हा चूल मांडायची. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने पाटण खोऱ्यात दगड-मातीच्या जड भिंती कोसळल्या, तेव्हाही अनेकांना हाच प्रवेश करावा लागला. आपल्याच घरात पुन्हा प्रवेश करावा लागतो हे ज्याने अनुभवले, त्याला घर एकदा मिळाले की मिळाले असे वाटत नाही.

मग इतके बदलूनही घर तेच कसे राहते? समजा, एका खांबाचा बुंधा वाळवीने पोखरला आहे. तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू देतात, ओळंबा धरून तुळई जागची हलली नाही ना ते पाहतात, खराब भाग कापून नव्या लाकडाचा जोड बसवतात आणि टेकू हळूहळू काढतात. पुढच्या वर्षी कौले बदलतात, त्यानंतर दारे, मग फरशी. असे करता करता मूळचे फारसे काही उरत नाही. ग्रीक विचारवंतांनी थिसिअसच्या जहाजाबद्दल हाच पेच मांडला. ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाबद्दल विचारतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? कोणताही एक भाग रथ नाही, आणि भागांना सोडूनही रथ नाही. विशिष्ट रचनेत एकत्र आलेल्या भागांना दिलेले ते नाव आहे. या दृष्टीने घर म्हणजे राहण्याच्या कामाला लागलेली रचना. वास्तुपरंपरा उलट म्हणते की लाकूड-माती बदलली तरी जागेचा अधिष्ठाता तोच राहतो. दोन्ही मते परस्परविरोधी आहेत, पण एका बाबतीत त्यांचा मेळ बसतो: घराचे घरपण त्याच्या लाकडा-मातीत शोधायचे नाही.

दुरुस्तीला एक नैतिक किंमतही असते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातल्या पाच हिंसास्थानांची मोजदाद आहे: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचे भांडे. यांच्या रोजच्या वापरात जीव मरतात, म्हणून गृहस्थाने पाच महायज्ञ करावेत असे तिथे सांगितले आहे. सांगली जिल्ह्यात मोठ्या संख्येने असलेल्या जैन समाजाच्या आचारशास्त्राने हा विचार अधिक काटेकोर केला आहे. हेतुपुरस्सर केलेली संकल्पी हिंसा, घरकामात घडणारी आरंभी, पोटासाठीच्या उद्योगातली उद्योगी आणि संरक्षणासाठीची विरोधी, असे तिथे हिंसेचे चार प्रकार मानतात. श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, पहिली पूर्ण सोडायची आणि बाकीच्या शक्य तितक्या कमी करायच्या. वाळवी काढणे, माळा झाडणे, भिंत पाडणे ही आरंभी हिंसा. ती अटळ आहे म्हणून ती नाहीच असे मानायची सोय नाही. अंडी असलेले घरटे पिल्ले उडेपर्यंत तसेच ठेवणे, एखादे भोक बुजवण्याआधी आत काही आहे का पाहणे, ही या विचाराची साधी कृती. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात परिग्रहाच्या, म्हणजे संग्रहाच्या, मर्यादा सांगताना शेत आणि घर या दोन गोष्टींची नावे आधी येतात, हेही लक्षणीय आहे. दुरुस्तीचा मोह वाढता असतो, एक खोली झाली की दुसरी खुणावते. किती पुरे हे आधी ठरवणे हाही तिथे धर्माचाच भाग आहे.

स्वतःच्या हाताने काम करण्यालाही एक बाजू आहे, आणि ती बौद्ध विनयपिटकात फार हृद्य रीतीने आली आहे. वैशालीतल्या एका गरीब शिंप्याला संघासाठी विहार बांधायचा होता. त्याने स्वतः चिखल तुडवला, विटा रचल्या, भिंत उभी केली. पण कसब नसल्याने भिंत वाकडी झाली आणि पडली. असे तीनदा झाले. तेव्हा तो चिडून म्हणाला, की जे दान देतात त्यांनाच भिक्षू शिकवतात, मी गरीब, मला कोणी सांगत नाही. हे कानी आल्यावर बुद्धांनी बांधकामावर देखरेख करणारा भिक्षू नेमण्याची अनुमती दिली, आणि मोडके-तोडके नीट करणे हेही त्याच्या कामात घातले. शिंप्याच्या श्रद्धेत उणीव नव्हती. उणीव शिकवणाऱ्याची होती. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरातल्या लेण्यांत भिक्षूंच्या खोल्या पाहताना ही गोष्ट आठवण्यासारखी आहे. आजही चुना किती दिवस भिजवायचा, टेकू कुठे द्यायचा, ओळंबा कसा धरायचा हे शेजारचा वृद्ध गवंडी किंवा सुतार नवख्याला सांगतो, तेव्हा तो एका घराचे काम तर सोपे करतोच, पण परक्याला गावात जागाही देतो. स्वावलंबन म्हणजे एकट्याने करणे नव्हे, हे शिंप्याच्या भिंतीने शिकवले.

पण आपल्या घामाने उभ्या केलेल्या घरावर माझेपणाची पकड अधिकच घट्ट होत नाही का? हा या विषयातला सर्वांत कठीण आक्षेप आहे. रामदासांच्याच शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मालमत्तेचा हक्कच श्रमातून काढला: माणूस आपले श्रम एखाद्या वस्तूत मिसळतो, म्हणून ती त्याची होते. या मताने स्वतः दुरुस्त केलेले घर सर्वांत जास्त आपले. बसवण्णांची शिकवण मानणारा लिंगायत समाज जत आणि आसपासच्या सीमाभागात मोठा आहे. त्या परंपरेत श्रमाचे मोल लॉकपेक्षा कमी नाही. कायक, म्हणजे प्रामाणिक अंगमेहनत, हीच तिथे पूजा आहे. पण कायकाला जोडून दासोह येतो. श्रमातून जे आले ते वाटायचे. लॉकच्या विचारात श्रमाने वस्तू माझ्याकडे ओढली जाते. कायकाच्या विचारात श्रमाने माणूस वस्तूच्या आणि इतरांच्या सेवेत जातो. श्रम तेच, त्यांची दिशा वेगळी. आक्षेपाचे उत्तर या दिशेत आहे. घामाने ममत्व वाढते हे खरे. ते ममत्व कुलूप होईल की काळजी, हे मात्र राबणाऱ्यावर आहे.

जुन्या घरांच्या बांधणीतच या दासोहाची खूण आहे. रस्त्याकडच्या ओट्यावर वाटसरूने टेकावे, ओसरीवर शेजाऱ्यांनी बसावे, अशी ती जागा घराच्या हद्दीत असूनही एकट्या घराची नसते. दुरुस्तीत ओटा तोडून गाडी लावायची की तो तसाच ठेवायचा, हा निर्णय सोयीचा वाटतो. खरे तर त्यात कुटुंब घराच्या दावेदारांना काय उत्तर देते ते दिसते. रामदासांच्या यादीतले सगळे दावे मान्य करता येत नाहीत: विंचवाला घरात जागा देता येत नाही, चोरालाही नाही. पण पाहुण्याचा, वाटसरूचा, वळचणीच्या पाखराचा आणि पुढे कधीतरी या घरात राहायला येणाऱ्या अनोळखी माणसांचा दावा मान्य करता येतो. चुन्याऐवजी सिमेंट थापून भिंत कोंडणारा पुढच्या रहिवाशाचा वाटा आजच खातो. भिंत मोकळी ठेवणारा तो राखून ठेवतो.

बसवण्णांच्या विचारात स्थावर आणि जंगम हा भेद मूलभूत आहे: जे नुसते उभे आहे ते पडते, जे चालते आहे ते टिकते. घराला हा भेद अक्षरशः लागू पडतो. कोकणाप्रमाणेच सह्याद्रीच्या या बाजूलाही पावसाळ्याआधी घर शाकारण्याची रीत आहे. वैशाख संपत आला की माणसे छपरावर चढतात, कौले उतरवून झाडतात, फुटलेली बाजूला काढतात, कुजलेले वासे बदलतात आणि ओळी पुन्हा लावतात. पूर्वेकडे धाब्यावर नवी पांढरी माती पसरून चोपतात. हे एकदा करून संपत नाही. मृग येण्याआधी दरवर्षी करावे लागते. ज्या वर्षी कोणी वर चढत नाही त्या वर्षी पाणी आत येते, आणि रामदासांनी मोजलेले बाकीचे दावेदार पाठोपाठ. खरेदीखताने घर ताब्यात येते, वास्तुशांतीने त्यात राहण्याची मुभा मागितली जाते. आपले मात्र ते दरवर्षीच्या शाकारणीने होते, आणि तेही त्या वर्षापुरतेच.